दोन दारांचं दुकान

आमच्या प्रभाग कचेरीच्या दारात एक भला मोठा फलक लावलाय. 'आपल्या प्रभागाची ओळख'. त्यात लिहिलंय की हा प्रभाग शहराच्या अगदी मध्यभागी आहे, वस्ती दाट आहे, एका अंगाला नदी आणि बाकी तिन्ही अंगांना मोठे रस्ते आहेत. कारभार प्रभाग सभा पाहते, सभेचे सदस्य लोक निवडून देतात, सदस्य आपल्यातूनच सभापती निवडतात आणि सभेच्या हाताखाली सहा विभाग काम करतात. सगळं खरं आहे, एक अक्षर खोटं नाही. पण तेवढ्या माहितीवर कोणी आमच्याकडे आला ना, तर सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत टाचा घासत फिरेल. कारण मुख्य गोष्ट त्या फलकात नाहीच.

ती मी सांगते. नमनाला घडाभर तेल नको.

आमच्या प्रभागाचे दोन भाग. खालच्या भागात बाजार, बसचे थांबे, गोदामं, लहानसहान कारखाने आणि निम्म्याहून जास्त लोकांची घरं. वरच्या भागात शाळा, दवाखाना आणि कचेरी. म्हणजे राहायचं खाली आणि शिकायला, आजारी पडायला, भांडायला जायचं वर. आणि या दोन्हींच्या मध्ये जुन्या चारमजली इमारतींची एक लांबलचक रांग आहे. भिंतीला भिंत लावून बांधलेली. ज्याने कोणी बांधली त्याला मध्ये एक बोळ सोडायची बुद्धी झाली नाही. वर जायचं तर एक तर जुन्या पुलाकडून वळसा घ्यायचा, नाहीतर गोदामांच्या टोकाकडून. कुठूनही गेलात तरी जीभ बाहेर येते.

नाहीतर माझ्या दुकानातून जायचं.

दुकान इस्त्रीचं. पुढचं दार बाजारात उघडतं, मागचं दार वरच्या भागाच्या पायऱ्यांवर. मध्ये माझं टेबल, पलीकडे सासूबाईंचं टेबल, कपड्यांच्या फळ्या आणि भिंतीच्या कडेने एका माणसापुरती वाट. समोरून दुसरं कोणी आलं तर एकाने अंग चोरून भिंतीला चिकटायचं. कोणी? ज्याचे हात रिकामे असतील त्याने. हा नियम सासूबाईंनी घालून दिला आणि त्यावर आजवर एकही भांडण झालेलं नाही. सभेचे नियम यांच्याकडून करून घ्यायला हवे होते.

दारातून आत येताना माणूस म्हणतो, "जातोय हो." मी म्हणते, "जा." संपलं. थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, कारण एक थांबला की मागे बाजारापर्यंत रांग लागते. ओली छत्री खाली टोक करून धरायची. आणि जाता जाता तिकडच्या बाजूचा एखादा गठ्ठा तयार असेल तर तो घेऊन जायचा. माझ्याकडे कपडे पोचवायला माणूस नाही, कधीच नव्हता. सगळा प्रभागच माझा पोचवणारा. शिक्षिका दवाखान्याच्या चादरी नेते, दवाखान्यातली नर्स मास्तरांचे शर्ट नेते. एकदा तर सभापतीबाईंनी गटार साफ करणाऱ्यांचे गणवेश त्यांच्या शेडपर्यंत नेऊन दिले. पद मोठं असेल, पण हात रिकामे होते ना?

सहाही विभागांना मी कपड्यांवरून ओळखते. रस्तेवाल्यांच्या कफला डांबर. पाणीवाल्यांच्या पँटी गुडघ्यापर्यंत आखडलेल्या. सफाईवाल्यांचे कपडे सगळ्यांत स्वच्छ येतात, कारण ते आधी स्वतः धुऊन देतात. इमारत विभागाच्या बाईंना दोन घड्या एकावर एक आलेल्या खपत नाहीत. अतिक्रमण विभागाच्या साहेबांना अख्खा प्रभाग हातोडा म्हणतो, पण त्यांच्या शर्टाला मी कधी साधी धूळ पाहिली नाही. मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणारा माणूस. आणि बाग विभागाचे काका. त्यांचे कपडे फारसे मळतच नाहीत, कारण आमच्या प्रभागात बागच नाही. चौकातल्या वाहतुकीच्या बेटावर जेवढं गवत आहे तेवढा त्यांचा विभाग.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तिथे माशी शिंकली. आणि शिंकली तीही प्रेमाने, म्हणून तिला हाकलायलाही जमेना.

झालं असं, की तो ओळखीचा फलक रंगवून झाला तेव्हा सभापतीबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, आपला सगळ्यात वाहता रस्ता यात कुठे आहे?" त्या स्वतः रोज माझ्या दुकानातून कचेरीत जातात. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला, की इस्त्रीच्या दुकानातून जाणारी वहिवाट हा प्रभागाचा सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर करावा. एवढी वर्षं या बायांनी प्रभागाची सेवा केली, त्याची नोंद राहावी, असं त्यांच्या मनात होतं. ज्या सभेचं पाण्याच्या वेळेवरूनही कधी एकमत होत नाही, त्या सभेत ठराव एकमताने मंजूर. वर टाळ्या.

त्या दुपारी सदस्य दुकानातून परतताना चक्क थांबले. माझं अभिनंदन केलं. मागे रांग पायऱ्यांच्या टोकापर्यंत गेली, तरी कोणी कुरकुरलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आपलं दुकान नकाशावर येणार, रस्ता म्हणून! संध्याकाळी जहाजावर आमच्या ह्यांना फोन करून सांगितलं. हे तिथे स्वयंपाकी आहेत, वर्षातून दोनदा घरी येतात. तेही खूश झाले.

सासूबाई रुमालांना इस्त्री करत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "कालपर्यंत लोक आपल्या दुकानातून जात होते. आता आपण त्यांच्या रस्त्यात बसलोय."

"आई, तुम्हाला कशात म्हणून चांगलं दिसेल तर शपथ."

"बरं," म्हणाल्या, आणि पुढचा रुमाल घेतला.

पहिल्यांदा आला सफाईवाला. मोठा झाडू घेऊन माझ्या दुकानाचा रस्ता झाडायला. ते मला आवडलं. मग रस्ते विभागाचा दिवाबत्तीवाला आला, खांब कुठे रोवायचा ते पाहायला. फळीवरचे कपडे बाजूला सारून त्याने फरशीवर खडूने गोल काढला आणि गेला. ते जरा कमी आवडलं. मग त्याच विभागाचे अभियंता आले. त्यांनी फीत लावली. भिंतीपासून माझ्या टेबलापर्यंत मोजलं, परत मोजलं, आणि "अरेरे" म्हणाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सार्वजनिक रस्त्याला कमीत कमी रुंदी लागते, ताई. ही वाट त्याच्या निम्मीसुद्धा नाही."

"मग?"

"मग काही नाही," असं म्हणून ते घाईघाईने निघून गेले. गठ्ठासुद्धा न घेता. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी हातोडासाहेब आले. हातात शर्टांची पिशवी आणि एक पाकीट. कान लालबुंद.

"ताई, चार शर्ट आहेत. आणि हे."

"हे काय?"

"नोटीस."

"कोणाला?"

"तुम्हालाच. म्हणजे, रस्त्यात टेबलं आणि फळ्या आहेत म्हणून. सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण."

"साहेब, रस्त्यात टेबल नाही आलं. टेबलात रस्ता आलाय."

"मला कळतंय हो. पण ठराव झाला की माझा नाइलाज आहे. सोमवारी माणसं घेऊन यावं लागेल." ते जरा थांबले. "शर्टांची घाई नाही."

मी शर्ट ठेवून घेतले. का ते मलाही माहीत नाही. शर्टांनी काय घोडं मारलं होतं?

ते गेल्यावर मी फळीला टेकून उभी राहिले. टेबलं गेली, फळ्या गेल्या, तर राहतं काय? दोन दारं आणि मध्ये खडूचा गोल. हे दुकान सासूबाईंनी उभं केलं, मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या शेजारी उभी आहे. लोक म्हणतात, दिवसभर गरम इस्त्री, काय ते जिणं. मला आवडतं. चुरगळलेला शर्ट हाताखाली सरळ होत जातो ते मला आवडतं, आणि माणसं "जाते हो" म्हणत शेजारून जातात ते त्याहून आवडतं. ते सगळं जाणार होतं, आणि कोणा वाईट माणसामुळे नाही, तर आमचं भलं करायला निघालेल्या लोकांमुळे. वाईट माणूस असता तर निदान भांडता तरी आलं असतं. मी रडले. मग रडून झाल्यावर मला राग आला, आणि माझा राग म्हणजे काय ते आमच्या ह्यांना विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दाराला अडसर घातला. वर कपड्यांची मोठी पेटी ढकलून लावली. पुढचं दार उघडं ठेवलं, म्हणजे येणाऱ्याला तोंडावर सांगता यावं.

"जातोय हो."

"जाऊ नका. रस्ता बंद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुलाकडून जा. तुमचाच रस्ता आहे ना? मग कुठूनही जा."

शिक्षिका आल्या, परत गेल्या. शाळेची मुलं आनंदाने परत गेली. दवाखान्यातली नर्स आली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुलाच्या दिशेने धावत सुटली. तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण मी अडसर काढला नाही. मग सभेचे सदस्य आले, खालच्या भागात राहणारे, एकामागून एक. त्यांना तर मी दारातच झाडलं. त्यातला एकजण सारखा काहीतरी सांगायला तोंड उघडत होता, मी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. "टाळ्या वाजवताना सुचलं नाही का?" म्हटलं. बिचारा गेला.

सासूबाई आपल्या टेबलापाशी रुमाल करत होत्या. दुपार होत आली तसा तयार गठ्ठ्यांचा ढीग त्यांच्या डोक्याच्या वर गेला, कारण नेणारं कोणी नव्हतं. चादरी, गणवेश, शर्ट, सगळ्या प्रभागाची परीटघडी जागच्या जागी अडकून पडली.

तेवढ्यात सभापतीबाई आल्या. पुढच्या दाराने. त्या दिवशी त्या भल्या पहाटेच वर गेल्या होत्या, आता पुलाला वळसा घालून खाली आल्या होत्या. कोट हातात, चेहरा घामाने डबडबलेला. आत आल्या आणि भिंतीला टेकून आधी श्वास घेतला.

"ताई, आज विशेष सभा होती."

"असेल."

"तुमच्या दुकानाचा ठराव मागे घ्यायला बोलावली होती. सोमवारच्या आत. मी काल रात्रीपासून सगळ्यांना फोन करतेय. सदस्य पुलाकडून पोचेपर्यंत वेळ टळली. गणपूर्ती झाली नाही. सभा तहकूब."

माझ्या हातातली इस्त्री मी खाली ठेवली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. नुसता पाडला नव्हता, वर पेटीही ढकलून लावली होती.

"मला एकदा विचारायचं तरी होतंत," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला विचारलं होतंत? रस्ता करताना?"

त्यांनी कोट पेटीवर ठेवला. "नाही," म्हणाल्या. "नाही विचारलं. मला वाटलं, तुम्हाला आनंदच होईल."

"झाला होता," मी म्हटलं. "तेच तर."

सासूबाई उठल्या. हळूहळू आल्या, पेटीला दोन्ही हात लावले. "एकमेकींना विचारून झालं असेल तर ही सरकवायला मदत करा. लोकांना जाऊ दे."

आम्ही तिघींनी पेटी सरकवली. सासूबाई आपल्या टेबलाशी परत गेल्या, मी अडसर काढला. पायऱ्यांवर नर्स बसलेली होती, तिची जेवणाची सुट्टी झाली होती. "जाते हो," म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता आत शिरली. मी तिला म्हटलं, "चुकलं गं माझं." ती म्हणाली, "ते नंतर. आधी भूक लागलीय."

सभापतीबाई एव्हाना पुढच्या दारात जाऊन फोनवर बोलत होत्या. तहकूब झालेली सभा त्याच दिवशी दिवे लागायच्या आत पुन्हा भरवता येते, असा एक नियम आहे म्हणे. सदस्य घरी परतले होते, ते आता पुन्हा निघाले. एकेक जण दुकानात शिरला की सवयीने "जातोय हो" म्हणे आणि मीही सवयीने त्याच्या हातात एक गठ्ठा देई. सकाळी ज्याला बोलू दिलं नव्हतं त्याला मी गठ्ठा न देता नुसतंच सोडलं, तर तो म्हणाला, "मला का नाही?" म्हणून त्यालाही दिला. शेवटी मी आणि सासूबाई दोघी त्यांच्या मागोमाग निघालो. दुकान उघडं टाकून. सार्वजनिक रस्त्याला कुलूप कसं लावणार?

सभागृहात मी आधी कधी गेले नव्हते. लाकडी बाकं, उंच खिडक्या आणि प्रत्येक सदस्यापुढे इस्त्रीच्या कपड्यांचा एक गठ्ठा. मागच्या रांगेत विभागांचे अधिकारी. सभापतीबाईंनी कोट घातला आणि ठराव मागे घेण्याचा प्रस्ताव ठेवला. मला वाटलं, सुटलो.

तर इमारत विभागाच्या बाई उभ्या राहिल्या. "मला बोलायचं नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण बोलावं लागणार. तो रस्ता नाही असं ठरलं, तर ती इमारत आहे. आणि त्या इमारतीच्या मंजूर नकाशात मागचं दार नाही. आजवर मीही त्या दारातून गेले, पण अधिकारी म्हणून मी ते कधी पाहिलं नव्हतं. आता सभेनेच ते ठरावात लिहिलंय. मला डोळे मिटता येणार नाहीत. ते दार भिंत बांधून बंद करावं लागेल."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. सभापतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी विचारलं. "ताई, तुम्हीच सांगा. आम्ही काय करावं?"

मी उभी राहिले. घाबरले की माझा आवाज चढतो.

"मला काय विचारता? दार घेतलंत तर निम्मं गिऱ्हाईक गेलं. टेबल घेतलंत तर दुकानच गेलं. आणि दुकान गेलं तर ती वाट तुम्हाला लखलाभ, पण तिथे 'जा' म्हणणारं कोणी असणार नाही. एवढे सहा विभाग आहेत तुमचे. त्यात एकही अशी जागा बसत नाही का, जिथून लोक येतात-जातातही आणि जिथे कोणी दिवसभर कामही करतं? जिला दोन्हीकडून दारं असतात, आणि दोन्ही उघडी ठेवली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही? नसेल बसत तर माझं दुकान चुकीचं नाही, तुमची मोजणी चुकीची आहे."

बोलून मी बसले. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "बाग."

सगळ्यांनी माना वळवल्या. बाग विभागाचे काका उभे होते, छातीशी दवाखान्याच्या चादरींचा गठ्ठा धरून. सभेत बोलायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. पुढल्या वर्षी त्यांचा विभाग रस्ते विभागात विलीन करायचं ठरत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बहुतेक त्यांनाही.

"बागेला दोन फाटकं चालतात," ते म्हणाले. "बागेतल्या पायवाटेला रुंदीचं बंधन नाही. लोकांच्या सोयीचं एक दुकान बागेत चालतं. फाटक सकाळी उघडायचं, संध्याकाळी लावायचं."

"छप्पर असलेली बाग?" कोणीतरी विचारलं.

"छप्पर नसावं, असं कुठे लिहिलेलं नाही."

रस्त्यांचे अभियंता पुटपुटले, "एका विभागाची जागा दुसऱ्या विभागाला द्यायला ठराव मागेसुद्धा घ्यावा लागत नाही. सभेची संमती आणि माझी सही, बस्स."

सगळ्यांनी इमारतीच्या बाईंकडे पाहिलं. त्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. "बागेला दार नसतं," त्या शेवटी म्हणाल्या, "फाटक असतं. फाटक माझ्याकडे येत नाही." आणि हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. झाड कुठे लावायचं? काका म्हणाले, झाड मी आणतो, कुंडीत. फलकावर काय लिहायचं? ते नंतर बघू. मी सासूबाईंचा हात इतका घट्ट धरला होता की त्या म्हणाल्या, "अगं, मोडशील."

"फक्त एक आहे," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली गेला. "बसायला एक बाक लागेल. जिथे बसता येत नाही ती बाग नाही, नुसता बोळ. एवढं मात्र मला करावंच लागेल."

त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माझं दुकान पाठ होतं. बाक मावेल अशी तिथे एकच जागा होती, आणि तिथे सासूबाईंचं टेबल होतं.

"ते टेबल नाही," मी म्हटलं. "माझं अर्धं कापून घ्या, पण ते नाही."

त्या टेबलाखाली टोपली ठेवून त्यात त्यांनी आमच्या ह्यांना वाढवलं. पायाने टोपली हलवायची आणि हाताने इस्त्री करायची. मी नवी होते तेव्हा कॉलर कशी करायची ते मला तिथेच शिकवलं. आता त्यांना फार वेळ उभं राहवत नाही, मोठे कपडे झेपत नाहीत, तरी रोज सकाळी त्या तिथे जाऊन रुमाल करतात. तेवढं काम आहे म्हणून त्या अंथरुणातून उठतात असं मला वाटायचं. ते काढून घेतलं आणि त्या खचल्या, तर ती बाग मला काय करायचीय?

"काढा ते टेबल," सासूबाई म्हणाल्या. बसूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आई, नका ना."

"मला कोणी विचारलं नाही, तर मीच सांगतेय. टेबल माझं आहे." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "रुमाल मी तुझ्या टेबलाच्या कडेला करीन. नाहीतरी ते तू परत बघतेसच, मला काय कळत नाही?"

मी घट्ट धरलेला त्यांचा हात सोडला.

सभापतीबाईंनी मत घेतलं. सगळे हात वर जाताना पाहून त्या म्हणाल्या, "एकमत नको रे बाबा, मागच्या वेळी त्यानेच घात केला." तेव्हा सकाळी मी ज्याला झाडलं होतं त्या सदस्याने आपला हात खाली घेतला आणि म्हणाला, "बरं, माझा विरोध लिहा." सगळं सभागृह हसलं. मीही हसले, आणि मग खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

सोमवारी हातोडासाहेब ठरल्याप्रमाणे दोन माणसं घेऊन आले. नोटिशीवर तारीख होती ना. त्यांनी टेबल उचललं, एक बाजू स्वतः धरली, आणि जिना चढून दुकानावरच्या आमच्या खोलीत खिडकीखाली नेऊन ठेवलं. शर्टाला डाग पडला, तर म्हणाले, राहू दे. काकांनी गोदामातून एक हिरवा बाक आणला आणि एक मोठी कुंडी. तिच्यात पसरट पानांचं झाड होतं, त्याचं नाव त्यांनी सांगितलं पण मी विसरले. कुंडी ठेवून झाल्यावर ते ती उगाच इकडे तिकडे सरकवत राहिले. त्यांना जावंसं वाटत नव्हतं, आणि आता ती त्यांचीच बाग होती, त्यामुळे मीही जा म्हटलं नाही.

सासूबाई खाली आल्या. रुमालांची चळत हातात घेऊन माझ्या टेबलाच्या कडेला आल्या, पाहिलं, तिथे माझे शर्ट पसरले होते. मी घाईने आवरायला लागले. "राहू दे, जरा बसते," म्हणाल्या आणि बाकावर जाऊन बसल्या.

मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की त्यांचं टेबल कायम भिंतीकडे तोंड करून होतं. जागाच तशी होती. सगळा प्रभाग त्यांच्या पाठीमागून गेला होता. त्यांनी तो कानांनी ऐकला होता, गठ्ठ्यांवरून ओळखला होता. आता त्या पहिल्यांदा वाटेकडे तोंड करून बसल्या होत्या.

पुढच्या दारातून नर्स आत आली. "जाते हो."

मी 'जा' म्हणणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बस."

नर्स गोंधळली. मागे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मागून येणारा तिला ओलांडून पुढे गेला, त्याच्यापुरती वाट आता होती. ती बाकाच्या टोकावर बसली. सासूबाई तिच्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी हात वर करून तिच्या गालाला लावला.

"तू ती होय," म्हणाल्या. "किती लहान आहेस गं. आवाजावरून मला तू माझ्याएवढी वाटायचीस."

मग शिक्षिका आल्या, त्यांनाही बसवलं. मग मास्तर, मग पाणीवाले, मग सभापतीबाई स्वतः. बसायचं, चेहरा दाखवायचा आणि पुढे जायचं. काकांना उभं राहून राहून कंटाळा आला, तर त्यांनाही शेजारी बसवून घेतलं. संध्याकाळी फाटक लावेपर्यंत सासूबाई तिथून उठल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी एकही रुमाल केला नाही.